बारा बॅटऱ्यांचा गारवा

जिजी फोनवर एकच वाक्य जास्त बोलल्या, आणि त्या एका वाक्याने पुढचे दोन महिने सगळ्या घरादाराला घाम फोडला.

पलीकडून विहीणबाई सांगत होत्या की, दवाखान्यातून सुटी मिळाली की बाळ-बाळंतीण सरळ आमच्याकडे येतील, आमची गाडी मोठी आहे, आत बसलं की बाहेर उन्हाळा आहे हे विसरायला होतं. खरं म्हणजे यावर जिजींनी "बघू" म्हणून फोन ठेवायचा. 'बघू' हा फार गुणी शब्द आहे. त्यात होही मावतं आणि नाहीही मावतं, शिवाय बोलणाऱ्याचं काही जात नाही. पण ते "विसरायला होतं" जिजींच्या नाकाला झोंबलं. त्या म्हणाल्या, "आमच्याही गाडीला एसी आहे म्हटलं. आत शाल घ्यावी लागते."

पहिलंवहिलं नातवंड होतं. जन्मल्यापासूनचे पहिले दोन महिने ते कुणाच्या मांडीवर वाढणार, असा प्रश्न होता, आणि जिजींच्या मते हा प्रश्नच नव्हता. विहीणबाईंच्याही मते नव्हता. जावई नोकरीच्या गावी, त्यामुळे त्यांना कुणी विचारलं नाही. शेवटी लेकीनेच आठव्या महिन्यातलं पोट सावरत निकाल दिला. "तुम्ही दोघी भांडू नका. सुटी मिळेल तेव्हा ऐन उन्हाळा असेल. दवाखान्याच्या दारात ज्या गाडीत गार असेल त्या गाडीत मी बाळाला घेऊन बसेन. गाडी ज्या घरी जाईल तिथे दोन महिने राहीन. पुढे कुणी एक शब्द बोलायचा नाही."

लेक जिजींचीच होती. त्या निकालावर वरचं कोर्ट नव्हतं.

आता, जिजी खोटं बोलल्या नव्हत्या. गाडीला एसी होता. तो चालूही होता. फक्त तो चालू असताना गाडी चालत नव्हती.

त्यांची इमारत होती टेकाडाच्या माथ्यावर, आणि तिथवर जायला दीड किलोमीटरचा अंगावर येणारा चढ. गाडी सोळा वर्षांची, इवल्याशा इंजिनाची. एसी लावून चढाला लागलं की ती पहिल्या वळणापर्यंत धापा टाकायची, दुसऱ्याला थरथरायची आणि तिसऱ्याला बंद पडायची. म्हणून चढाच्या पायथ्याशी आप्पा, म्हणजे जिजींचे यजमान, एसी बंद करायचे आणि जिजी काचा खाली करायच्या. भर दुपारी तेवढ्या रस्त्यात गाडीची भट्टी व्हायची. गाडी तरीही कुरकुरली तर जिजी उतरून चालू लागायच्या. जिजी आणि गाडी साधारण एकाच वेळी वर पोचायच्या, कधीकधी जिजी आधी.

पायथ्याशीच मेस्त्रीचं गॅरेज होतं. त्या चढाच्या जिवावर त्याने दोन मजली घर बांधलं होतं, त्यामुळे चढाबद्दल वाईट बोललेलं त्याला खपत नसे. जिजींनी गाडी त्याच्यापुढे उभी केली. "एसी लावून हिने चढ चढला पाहिजे. सहा आठवडे आहेत."

मेस्त्रीने बॉनेट उघडलं आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांकडे बघावं तसं बघितलं. "जिजी, एसीला वेगळं इंजिन नसतं. गाडीचंच इंजिन ह्या पट्ट्याने एसी फिरवतं. आता ह्या बिचाऱ्याने तुम्हाला वर ओढायचं, का तुम्हाला वारा घालायचा?"

जिजींना ते जागच्या जागी पटलं. लग्न होऊन आल्यावर सहा वर्षं त्यांनी एका हाताने स्वयंपाक करत दुसऱ्या हाताने सासऱ्यांना वारा घातला होता. इंजिनाचं दुखणं त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"म्हणजे एसीला दुसरं कुणीतरी जुंपलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"कुणाला जुंपणार?"

"ते तू सांगायचं. मेस्त्री तू आहेस का मी?"

"मग मी सांगतो, नवी गाडी घ्या."

"वैद्याकडे गेलं तर तो नवं शरीर घ्या म्हणत नाही," जिजी म्हणाल्या आणि बॉनेट स्वतःच्या हाताने आपटलं.

ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण जिजींनीच ती जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगितली. सल्ला मागायचा नसतो. अडचण मोठ्याने सांगायची, सल्ले आपोआप पायरी चढून येतात. पहिला आला तळमजल्यावरून. तिथे हेडमास्तर राहायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी अजून जिना चढताना पायऱ्या मोजायचे. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो. हे तळमजल्यावर बसून शहाणे होते.

"वहिनी, गारवा तयार कशाला करायचा? तयार गारवा आणायचा," असं म्हणून त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीमागे आकृती काढली. थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ, वर छोटा पंखा, बाजूला दोन भोकं. आकृतीत बाणसुद्धा होते, आणि ज्या आकृतीत बाण असतात ती चुकीची असेल असं जिजींना वाटायचं नाही. चौथीनंतर शाळा सुटली की माणसाचा बाणांवर फार विश्वास बसतो.

बर्फाचा कारखाना त्या दिवशी बंद निघाला. मग आप्पांनी मासळीबाजारातून बर्फ आणला. खोका मागच्या सीटवर, शेजारी बाळंतिणीच्या जागी जिजी, पुढे आप्पा, आणि त्यांच्या बाजूला हेडमास्तर तापमापक घेऊन. पायथ्यापर्यंत खरोखर गार वाटलं. हेडमास्तर दर मिनिटाला आकडा वाचत होते, जणू त्यांनीच बर्फ घातला होता. मग चढ लागला. चढावर गाडीचं तोंड वर होतं आणि बूड खाली, आणि पाणी उताराकडे धावतं, हे हेडमास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलेलं. फक्त खोक्याची भोकं कुठल्या बाजूला ठेवायची, तेवढं ते पेपरात कधी आलं नव्हतं. पहिल्या वळणाला बर्फाचं सगळं पाणी जिजींच्या मांडीत आलं.

जिजी वर पोचल्या त्या गार होऊनच, पण त्यांना मासळीचा वास येत होता. चार दिवस आवारातली मांजरं गाडीभोवती ठाण मांडून बसली. त्यांच्या मते ती इमारतीतली सगळ्यात उत्तम गाडी होती. हेडमास्तर म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे." जिजी म्हणाल्या, "तत्त्व तुम्ही ठेवा, पातळ धुऊन द्या."

दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरून उतरला. तिथे बँकेतली बाई राहायची. तिच्या गच्चीवर सौरऊर्जेच्या काचा होत्या आणि बोलण्यात दुसरं काही नव्हतं. "जिजी, तुम्हाला ज्याचा त्रास होतोय त्यालाच कामाला लावा. ऊन. फुकट आहे." फुकट हा शब्द कानावर पडला की जिजींची अर्धी शंका फिटायची. बाईने एक जादा काच उसनी दिली, मेस्त्रीने ती गाडीच्या टपावर आवळून बांधली. काच गाडीपेक्षा हातभर लांब निघाली. पुढून बघितलं तर गाडीने टेबल डोक्यावर घेतल्यासारखं दिसायचं.

ती वीज एसीला काही पुरली नाही. मेस्त्री म्हणाला, एवढ्यात एक पंखा फिरेल. बरं, पंखा तर पंखा. पण काचेला ऊन लागावं म्हणून रोज झाडाखाली उभी राहणारी गाडी दिवसभर उन्हात उभी करावी लागली. ती आतून अशी तापली की दार उघडणाऱ्याने आधी मागे सरकावं. आणि पंखा, कर्तव्याला चुकायचं नाही म्हणून, ती सगळी धग गोळा करून तोंडावर मारत होता. जिजींनी दोन मिनिटं सोसलं. मग त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "पाण्याला चव यावी म्हणून आधी मीठ खायचं, तशातली गत. काढा ते छप्पर."

लेकीला आठवा संपून नववा लागला. विहीणबाई दर रविवारी फोन करायच्या आणि शेवटी अगदी सहज विचारायच्या, "गाडी काय म्हणते?" जिजी म्हणायच्या, "गाडी कशाला काय म्हणेल? तिला तोंड नाही, हे तिचं नशीब."

ह्या सगळ्यात आप्पा गप्प होते. आप्पा गप्प बसले की जिजींना धास्ती वाटायची, कारण त्या माणसाला वर्षातून एकदाच काहीतरी सुचायचं आणि ते सुचल्यावर घरातलं फर्निचर हलायचं. आप्पांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये नोकरी केली होती. सगळ्या गावाचे फोन ज्या बॅटऱ्यांवर चालायचे त्यांची देखभाल त्यांच्याकडे. दर अर्ध्या तासाने वाचन घ्यायचं, वहीत लिहायचं, बॅटरीला पाणी पाजायचं, कापडाने पुसायचं. घरच्या माणसांना त्यांनी आयुष्यात कधी "बरं वाटतंय का" असं विचारलं नाही, कारण दिवसभर ते बॅटऱ्यांना विचारून दमलेले असायचे.

त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "चोवीस व्होल्ट."

जिजींनी भांडं खाली ठेवलं. "काय मागताय?"

"लांबच्या पल्ल्याच्या ट्रकला केबिनच्या टपावर एसी बसवतात. इंजिन बंद असलं तरी तो चालतो. ट्रकवाले त्यात झोपतात. त्याला बॅटरी लागते. चोवीस व्होल्ट." एका दमात आप्पा एवढं बोलल्याचं जिजींनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मेस्त्रीने एका अपघातातल्या ट्रकचा एसी पैदा केला. आप्पांनी एक्स्चेंजमधून मोडीत निघालेल्या, पण त्यांच्या शब्दांत 'अजून शुद्धीत असलेल्या' बॅटऱ्या आणल्या. त्यातली एकेक दोन व्होल्टची, म्हणून बारा. नव्या पद्धतीच्या बंद डब्याच्या होत्या, त्यांना पाणी घालावं लागत नव्हतं. त्याचं आप्पांना वाईट वाटलं. ते नुसतं पुसून घ्यायचे.

पाच डिकीत गेल्या. सातांसाठी मागची सीट काढावी लागली. मग बॅटऱ्यांवर फळी आणि फळीवर गादी टाकली. त्यावर बसून बघितलं तर जिजींचा अंबाडा टपाला लागला. "लेक माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे," जिजी म्हणाल्या, "बसेल." लेकीच्या बुटकेपणाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच समाधान मानलं.

मग त्या चार पावलं मागे गेल्या आणि गाडीकडे बघत राहिल्या. "अहो, हिने बूड टेकलं की काय?"

"तुला वाटतंय तसं," आप्पा म्हणाले.

"मेलं ह्यांचं वजन किती असेल?"

आप्पा थांबले. त्यांनी वही काढली. वहीत बारा बॅटऱ्यांचे बारा रकाने होते, व्होल्ट होते, तापमान होतं, तारीख होती. वजन नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी एकही बॅटरी उचलली नव्हती. त्यांची बॅटरी यायची तेव्हा हमाल आणायचे, आणि एकदा ठेवली की ती जागची हलायची नाही. आप्पांच्या आधी कुठली बॅटरी निवृत्त व्हायची नाही. "वजनाचं वाचन घ्यायची पद्धत नाही," ते म्हणाले.

चाचणीही एक्स्चेंजच्या पद्धतीनेच झाली. गाडी झाडाखाली उभी, एसी चालू, आणि आप्पा शेजारी स्टुलावर वही घेऊन. चार तास ट्रकचा एसी घुमत होता आणि चार तास गाडीच्या आत थंडी पडली होती. मेस्त्री आत जाऊन बसला तो झोपलाच. दर अर्ध्या तासाने आप्पा वाचन घेत होते. गाडी जागची हलवून बघावी, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गार होतंय की नाही, एवढंच बघायचं होतं, आणि गार होत होतं.

इथे सेक्रेटरी आले. इमारतीच्या सेक्रेटरींचं काम एवढंच होतं की कुणाचं काही चांगलं चाललेलं दिसलं की नोटीस लावायची. जिजींच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॅटऱ्या चार्ज करायला खाली सोडलेली वायर त्यांनी बघितली, टपावरचा ट्रकचा एसी बघितला, आणि ते म्हणाले, "जिजी, गाडीच्या मूळ बांधणीत बदल झालाय. परिवहन कार्यालयाचा कागद आणा. तोपर्यंत ही फाटकाबाहेर जाणार नाही."

"आणि आत?"

"आतसुद्धा नाही."

"मग टांगून ठेवू का?" जिजींनी विचारलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीचे फोटो घेऊन त्या परिवहन कार्यालयात गेल्या. चार खिडक्या फिरल्या. प्रत्येक खिडकीतला माणूस फोटो बघून हसला आणि त्याने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं. पाचवीत चष्म्याची कारकून बाई होती. ती हसली नाही, म्हणून जिजी तिच्यापुढे बसल्या.

बाईने फॉर्म काढला. "गाडी कशावर चालते?"

"पेट्रोलवर."

"मग हे काय?"

"ते बॅटरीवर. विजेवर."

"इंधनाचा रकाना एकच आहे. दोन्हींपैकी एक लिहा."

"मग वीज लिहा."

"वीज लिहिली तर ती विजेची गाडी झाली. विजेच्या गाडीला पेट्रोलची टाकी नसते. टाकी काढून आणावी लागेल."

"टाकी काढली तर ती येणार कशी?"

"ते आमच्याकडे येत नाही," कारकून बाई म्हणाली. ह्यात तिची काही चूक नव्हती. ते खरंच तिच्याकडे येत नव्हतं.

जिजींनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, मी टपावर खाट बांधून नेली तर कुठला फॉर्म?"

"खाटेला फॉर्म कशाला? ते सामान झालं."

"आणि मागे धान्याची पोती ठेवली तर?"

"तेही सामान."

"मग हे माझं सामानच आहे," जिजी म्हणाल्या. "टपावर बांधलंय दोराने. चालू असलेलं सामान आहे, एवढंच."

कारकून बाईने चष्मा काढून पुसला. "तुम्ही सामान म्हणत असाल तर मी तुम्हाला बघितलंच नाही," ती म्हणाली. "कुठे नेणार एवढं?"

"लेकीला आणायला. बाळंतीण आहे."

"मग लवकर न्या. मला तीन नणंदा आहेत," कारकून बाई म्हणाली. ह्याचा फॉर्मशी संबंध काय ते जिजींना कळलं नाही, पण सहानुभूती कळली. घरी येऊन त्यांनी मेस्त्रीकडून एसीचे बोल्ट काढून घेतले, तो दोराने बांधला, आणि सेक्रेटरींना सांगितलं, "कागद लागत नाही. सामान आहे. हवं तर तुम्ही जाऊन विचारा, पाचवी खिडकी." सेक्रेटरी विचारायला गेले नाहीत. त्या कार्यालयात कुणी दोनदा जात नाही.

नात झाली. नवव्या दिवशी सुटी मिळाली.

सकाळी दहाला आप्पांनी बारा बॅटऱ्या पुसल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली. उतारावर ती अशी सुटली की जिजींना तिचा अभिमान वाटला. आप्पा ब्रेकवर उभे होते, मागून बारा बॅटऱ्या ढकलत होत्या. खाली पोचेपर्यंत करपल्याचा वास आला, तो आप्पांनी "ब्रेक चांगले आहेत म्हणून येतो" असा समजावला.

दवाखान्याच्या दारात विहीणबाईंची गाडी आधीच उभी होती. पांढरी, लांबलचक, गणवेशातला ड्रायव्हर. विहीणबाईंनी जिजींच्या गाडीच्या टपाकडे बघितलं, मग मागच्या दबलेल्या चाकांकडे बघितलं. "घर बदलताय का?" त्यांनी विचारलं.

जिजींनी पदर खोचला. घोडामैदान जवळच होतं.

लेक बाळाला घेऊन बाहेर आली. तिने आधी सासूच्या गाडीचं दार उघडलं आणि आत हात घातला. ड्रायव्हरने इंजिन बंद करून उन्हात उभी केलेली गाडी, नुकताच एसी लावलेला. मग ती आईच्या गाडीकडे आली. ती तासभर इंजिन बंद करून झाडाखाली उभी होती, आणि तासभर टपावरचा ट्रक आत थंडी ओतत होता. लेकीने हात घातला, आणि बाळाची टोपी कानावर ओढली.

"इथे बसते," ती म्हणाली, आणि फळीवर चढून बसली. मान थोडी तिरकी करावी लागली, तेवढंच.

विहीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जिजींनी तो बघितला, नीट, वरपासून खालपर्यंत. "बाळाचं सामान आमच्या गाडीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मी मागून येते. पोचवून परत जाईन."

पायथ्यापर्यंत सगळं छान झालं. गाडीत नऊ दिवसांनी पहिल्यांदा बाळ गाढ झोपलं. चढ लागला तशी आप्पांनी सवयीने बटणाकडे हात नेला, आणि जिजी म्हणाल्या, "राहू दे. आता इंजिनावर नाही तो." तेवढा एक क्षण जिजींना आपण देशाचा कारभार बघतो आहोत असं वाटलं.

पहिल्या वळणाला गाडी धापा टाकू लागली. दुसऱ्याला थरथरली. तिसऱ्याची गरजच पडली नाही. एसी जोरात होता, गारवा उत्तम होता, आणि गाडी हळूच मागे यायला लागली. आप्पांनी हँडब्रेक ओढला, जिजींनी उतरून मागच्या चाकाला दगड लावले. हे काम त्यांच्या हातचं होतं.

"आप्पा," जिजी खिडकीतून म्हणाल्या, "तुमच्या बॅटऱ्यांना वजन आहे."

"दिसतंय," आप्पा म्हणाले, आणि सवयीने खिशातली वही काढून त्यांनी ते लिहून ठेवलं.

मागून विहीणबाई उतरून आल्या. "झालं? मी म्हटलंच होतं. ये गं, आमच्या गाडीत बस. इथून वळलो की दहा मिनिटांत आपलं घर."

ऊन डोक्यावर आलेलं. जिजींना पदर डोळ्याला लावायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी तो कपाळावर ओढला. आता लेक उतरेल, पांढऱ्या गाडीत बसेल, आणि दोन महिने त्या बाळाला बघायला आपण पिशवीत काहीतरी घेऊन, चपला दाराबाहेर काढून, पाहुण्यासारखं जायचं. एवढं सगळं त्यांना त्या दगडाशेजारी उभ्या उभ्या दिसलं. त्या खिडकीपासून बाजूला झाल्या. हट्ट करायचा तो आपल्या जिवावर करावा, नऊ दिवसांच्या बाळाच्या जिवावर नाही.

लेकीने काच बोटभर खाली केली. "कुणी दार उघडायचं नाही," ती कुजबुजली. "नऊ दिवसांत पहिल्यांदा झोपलीय. मी पण झोपले नाहीये नऊ दिवस. ही गाडी वर न्यायची असेल तर वर न्या, इथेच ठेवायची असेल तर इथेच ठेवा. मी उतरणार नाही." आणि काच वर गेली.

दोघी आज्या उन्हात एकमेकींकडे बघत राहिल्या. ड्रायव्हरनेच शेवटी डिकीतून टोचनाचा दोर काढला, पांढरी गाडी पुढे घेतली आणि दोर बांधता बांधता विहीणबाईंना म्हणाला, "मॅडम, चढ फार आहे. दोन गाड्या ओढायच्या म्हणजे आपला एसी बंद करावा लागेल."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. पण हे घोडं कामाला आलं. पांढरी गाडी पुढे, काचा खाली, आत विहीणबाई दवाखान्याच्या फाइलने वारा घेत. मागे दोराला बांधलेली जिजींची गाडी, काचा बंद, आतून धुकं धरलेली. जिजी आप्पांच्या शेजारी बसून समोरच्या खिडकीतून हलणारी ती फाइल बघत होत्या. त्यांना विहिणीची दया आली. फार नाही, पण आली.

वर पोचल्यावर विहीणबाई उतरल्या त्या लाल होऊन, केस कपाळाला चिकटलेले. त्या थेट आल्या, दार उघडलं, जिजींना "जरा सरका" म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर अर्ध्यात बसल्या. मग घाम पुसत त्यांनी विचारलं, "आणि वर घरात एसी कुठल्या खोलीत आहे?"

आप्पांनी जिजींकडे बघितलं. जिजींनी आप्पांकडे बघितलं.

घरात पंखा होता. छताचा एक आणि टेबलावरचा एक, तोही मान एकाच बाजूला वळवणारा. दोन महिने जिजींनी पंधरा मिनिटांच्या रस्त्यासाठी बर्फ आणला, ऊन आणलं, ट्रक आणला. त्या पंधरा मिनिटांनंतर बाळ कुठे निजणार, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण फोनवर बढाई गाडीची मारली होती, घराची नव्हती.

"खोलीत," जिजी सावकाश म्हणाल्या, "बसवायचाय. म्हणून तर सोबत आणलाय."

आप्पांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पण मग जिजींनी बघितलं की त्यांचे डोळे चमकले आहेत. लग्नातसुद्धा इतके चमकले नव्हते.

मेस्त्रीला बोलावणं गेलं. सहा बॅटऱ्या मेस्त्रीने आणि ड्रायव्हरने मिळून वर नेल्या. चार हेडमास्तरांनी आणि सेक्रेटरींनी. सेक्रेटरी जिन्यात नोटीस लावायला आले होते, जिजींनी त्यांच्या हातात बॅटरी दिली. उरलेल्या दोन आप्पांनी स्वतः नेल्या, मध्ये पाच वेळा टेकत. गाडीचं बूड हळूहळू वर आलं. संध्याकाळपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत खिडकीला ट्रकचा एसी लागला, भिंतीशी बारा बॅटऱ्या ओळीने उभ्या राहिल्या. शेजारी आप्पांनी स्टूल ठेवलं आणि भिंतीला वही टांगली. आता त्या कुठे जाणार नव्हत्या. आप्पा दर अर्ध्या तासाने येऊन वाचन घेऊ लागले. आपोआप नातीलाही बघणं व्हायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून वहीत तेरावा रकाना दिसू लागला. तापमान, झोप, दूध, आणि वजनसुद्धा.

विहीणबाई तेवढ्या संध्याकाळपुरत्या थांबल्या होत्या. मग "ऊन उतरल्यावर जाते" म्हणाल्या. मग ड्रायव्हर त्यांची बॅग घेऊन आला. त्यांच्या मोठ्या घरात एसी होता, पण त्यात बाळ नव्हतं. आठव्या दिवशीही त्या बाळाच्या शेजारी पलंगावर हातपाय पसरून होत्या. जिजी स्वयंपाकघरातून, त्या घामाच्या धारांतून, पेज घेऊन आत आल्या, तेव्हा त्या पलंगावरूनच म्हणाल्या, "विहीणबाई, जरा कमी करता का हो? फार गारठायला होतं."

"ट्रकचा आहे," जिजी म्हणाल्या. "त्याला कमी-जास्त येत नाही. चालू आणि बंद, एवढंच कळतं."

मग त्यांनी पेजेची वाटी लेकीच्या हातात दिली, विहीणबाईंच्या अंगावर रजई टाकली, त्यांचे पाय एका बाजूला सरकवून पलंगावर स्वतःला पुरेल एवढी जागा केली, आणि पायानेच दार लोटून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.